तीन नंबरचा हायड्रा

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो, "आपण काय करत होतात?" मी सांगतो, "रस्त्याच्या कंपनीत यंत्रांच्या नोंदी ठेवायचो." पाहुणा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि वाढप्याकडं बघायला लागतो. त्याचं काही चुकत नाही. सगळं नीट चाललं की जे काम दिसतच नाही, त्याचं कौतुक कोण करणार? पण एकदा ते नीट चाललं नाही. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही, आणि ती इतकी सोपी होती की आठवली की आजही मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतो.

आधी काम सांगतो. रस्ता बांधायचा म्हणजे रोलर, टँकर, मिक्सर, जनरेटर, पाण्याचे पंप आले. कोणतं यंत्र कुठं आहे, कुणाच्या हातात आहे, किती तास चाललं, ग्रीस कधी दिलं, धड आहे का मोडकं, हे रोजच्या रोज लिहायचं. आधी हे सगळं रजिस्टरात चालायचं. रजिस्टर लई सोशिक. त्यात काय वाटेल ते लिहा, ते ब्र काढत नाही. आमचा एक रोलर चार महिने बाभळीखाली उभा होता, त्याच्या सीटखाली कुत्रीनं पिलं घातली होती, आणि रजिस्टरात तो दररोज आठ तास इमानदारीनं चालत होता.

मग कंपनीनं सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक यंत्राला तारेनं एक प्लास्टिकची पाटी बांधली. पाटीवर नुसते काळे चौकोनी ठिपके. त्यावर मोबाईल धरला की यंत्राची सगळी कुंडली उघडायची. वर एक ठिपका दिसायचा. हिरवा असला तर वापरा, लाल असला तर हात लावू नका. ऑपरेटरनं सकाळी पाटीवर मोबाईल धरायचा, तासांच्या मीटरवरचा आकडा टाकायचा आणि मगच चावी फिरवायची. ते यंत्र कुठं उभं आहे तेही नकाशावर दिसायचं.

पहिल्याच आठवड्यात पाण्याचा टँकर धर्मापुरीच्या देवळापाशी दिसायला लागला. ड्रायव्हरला फोन लावला.

"कुठं हायस?"

"साइटवर हाय की नाना."

"साइटवर देऊळ कधी बांधलं बे?"

मग त्यानं खरं सांगितलं. मेव्हण्याच्या घरी बारसं होतं आणि पाणी कमी पडलं होतं. मी सोडून दिलं, पण त्या दिवसापासून गडी मला बिचकून राहायला लागले. खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. पन्नाशी उलटलेला माणूस, मराठी शाळेत शिकलेला, आणि बोटाच्या टोकावर अख्खा रस्ता! बायको म्हणायची, "जेवताना तरी ते खाली ठेवा." मी ठेवत नव्हतो.

या फुगण्यात एक जुनी सवय मात्र सुटली. पूर्वी यंत्र मोडकं निघालं की मी त्याच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचो आणि चावी काढून स्वतःच्या खिशात टाकायचो. आता मोबाईलवर लाल ठिपका दिला की झालं. चावी यंत्रालाच राहायची.

आता अंबादासचं सांगतो. वडवणीच्या पुढं एका ओढ्यावर मोरी घालायची होती, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटचे पाइप बसवायचे. माणूस वाकून आत चालत जाईल एवढाले पाइप. ते वरून हायड्रा सोडतो. हायड्रा म्हणजे टायरवरची छोटी क्रेन. खड्ड्यात एक माणूस उभा असतो, तो खाली येणाऱ्या पाइपला पहारेनं ढोसून बरोबर जागेवर बसवतो. हे अंबादासचं काम. त्याच्यासारखा नेमका हात मी दुसरा पाहिला नाही. पाइप असा बसवायचा की सांध्यात बोट जाणार नाही.

अंबादास आणि त्याची बायको कौसाबाई दसरा झाला की दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी दसऱ्याच्या दीड-दोन महिने आधीच मी त्यांना अडवलं. म्हटलं, इथं पाच-सहा महिन्यांचं काम आहे, कौसाबाई साइटवर चहाची टपरी टाकू दे, घरच्या घरी राहा. अंबादास तयार झाला. कौसाबाई होईना.

"उसाची वळख हाय आमाला, नाना," ती म्हणाली. "फडात काय चावतंय, काय कापतंय, समदं मालूम हाय. ह्या लोखंडाची वळख न्हाई."

"अगं, मी आहे ना! यंत्राची जिम्मेदारी माझी."

"तुमची ना?"

"माझी."

तेव्हा कुठं ती राहिली. टपरी मोरीपासून वीस पावलांवर. चहा झाला की ती हाक मारायची, "अवो, ऐकलं का!" वर इंजिनाचा आवाज, खाली अंबादास कामात गुंग. तो कधी वळून बघायचा नाही. दोन-चारदा हाका मारून झाल्या की ती एक बारीक खडा उचलून त्याच्या पाठीवर मारायची. मग स्वारी वर बघायची. सगळे हसायचे.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्यानं विळा-कोयता पुजायचा, आम्ही यंत्रं. ती धुऊन-पुसून एका ओळीत उभी करायची, हळदी-कुंकू, झेंडूचे हार, नारळ, आणि चाकाखाली लिंबू. मग प्रत्येक ऑपरेटर आपलं यंत्र लिंबावरून पुढं नेतो, कॅम्पला एक फेरी मारतो आणि परत आणून लावतो. लिंबू फुटल्याशिवाय कुणी यंत्र कामाला लावत नाही, मग साहेब कितीही घाईत असो.

आदल्या वर्षी या पूजेनं माझी फजिती केली होती. गड्यांनी सगळ्यात मानाची जागा म्हणून नेमकं त्या पाट्यांवरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी एकही पाटी मोबाईलला वाचता येईना. पुण्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बघणाऱ्या एका पोरीचा फोन, "काका, तुमच्याकडची सगळी यंत्रं एकदम गायब कशी झाली?" म्हटलं, "गायब नाहीत बाई, पूजा झालीय त्यांची." तिला काही ते समजलं नाही. मग दोन दिवस मी चिंध्या आणि रॉकेल घेऊन पाट्या घासत बसलो.

म्हणून या वर्षी मी शहाणपणा केला. पूजेच्या आधी ओळीच्या एका टोकापासून पाट्या सोडत गेलो आणि त्याच क्रमानं एका तारेत ओवून ठेवल्या. पूजा झाली, लिंबं फुटली, यंत्रांच्या फेऱ्या झाल्या. मी तेवढा वेळ पेढे वाटत होतो. मग आलो आणि त्याच टोकापासून, त्याच क्रमानं, पाट्या बांधत गेलो. किती नीटनेटकं काम, असं मनात म्हणालोसुद्धा.

आमच्याकडं दोन हायड्रा होते, तीन नंबर आणि चार नंबर. एकाच कंपनीचे, दोन्ही पिवळे. अंगावर रंगवलेले आकडे कधीच उडाले होते, आणि पाटी आहे म्हटल्यावर पुन्हा रंगवतो कोण? त्यातल्या तीन नंबरचा तारेचा दोर आडवातिडवा गुंडाळला जाऊन चेपला होता. आतल्या तारा तुटल्या होत्या. मीच तो तपासून लाल केला होता, नवा दोर दसऱ्यानंतर येणार होता. इंजिन धड होतं, म्हणून तोही लिंबावरून गेला, मान सगळ्यांना सारखा. आणि फेरी मारून परत येताना तीन आणि चार नंबरनं जागा बदलल्या. दोघांच्या गळ्यात नाकापर्यंत झेंडू. माझ्या काही लक्षात आलं नाही. मोडक्या हायड्रावर धडक्या हायड्राची पाटी मी माझ्या हातानं बांधली.

नेहमीच्या ऑपरेटरनं आपलं यंत्र लगेच ओळखलं असतं. पण भगवान, आमचा चार नंबरचा ऑपरेटर, पूजा झाल्या झाल्या आईबापाला ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर पोचवायला गेलता, आणि तीन नंबर बंद म्हणून त्याचा ऑपरेटरही सुट्टीवर होता. बदली म्हणून आष्टीच्या साइटवरून इस्माईलभाई आले. वीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस, हात एकदम साफ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटीवर मोबाईल धरला, हिरवा ठिपका बघितला, यंत्र मोरीवर नेलं आणि तिथून मला फोन केला.

"नाना, हे मीटरचा आकडा घेईना ना. सुरू करताना टाकलाच नव्हता, आता टाकाया लागलो तर म्हणतंय, मागच्या नोंदीपेक्षा कमी हाय."

हे रोजचं रडगाणं होतं. कुणी आकडा चुकवायचं, कुणी एक शून्य जास्त मारायचं. मी ग्रीसचे डबे मोजून देत होतो, डोकं तापलं होतं. म्हटलं, "मागचा आकडा दिसतोय ना? त्यात एक मिळवा आन् ठोका."

"मीटर चार हजारावर हाय, हे सहा हजार म्हणतंय."

"म्हणू द्या. ठोका."

त्यांनी ठोकला. ते सॉफ्टवेअर बिचारं कळकळीनं सांगत होतं की हे यंत्र ते नव्हे, आणि मी त्याचं तोंड दाबलं.

डबे देऊन झाले. सहीसाठी पेन उचललं आणि चार हजार हा आकडा डोक्यात वाजला. चार नंबर जुना, तो सहा हजारांच्या पुढं गेलेला. चार हजारवाला तीन नंबर. त्याला लाल करताना तो आकडा मीच टाकला होता. बाहेर येऊन उभ्या असलेल्या दुसऱ्या हायड्राच्या काचेतून मीटर बघितलं. सहा हजार दोनशे काहीतरी. ओळ, तार, लिंबू, पेढे, सगळं एका दमात समजलं.

इस्माईलभाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला फोन कुठून ऐकू येणार? इंजिनिअर साहेब खडीच्या खाणीकडं, त्यांना रेंज नाही. आणि मला त्या दोराची खोड माहीत होती. तुटका भाग दोर गुंडाळायच्या ड्रमवर अगदी आतल्या फेऱ्यांत होता. पाइप ट्रकवरून काठावर उतरवेपर्यंत तो भाग बाहेर येतच नाही, सगळं ठणठणीत दिसतं. पाइप खोल खड्ड्यात सोडायला लागलं की शेवटच्या फेऱ्या सुटतात आणि सगळा भार नेमका त्या तुटक्या तारांवर येतो. तेव्हा खाली कोण उभा असतो, हे सांगायला नको.

कौसाबाईकडं साधा फोन होता. कॅम्पवरून चहा सांगायला मीच तिला तो घ्यायला लावला होता. तिनं उचलला.

"किती चा आणू, नाना?"

"कौसाबाई, अंबादासला वर काढ! आत्ताच्या आत्ता! दोर तुटका हाय!"

तिनं का म्हणून विचारलं नाही, काही नाही. फोन खाली पडल्याचा आवाज आला. मी मोटारसायकलला लाथ मारली.

कॅम्पपासून मोरी सहा किलोमीटर. ते सहा किलोमीटर मी कसे गेलो ते मला विचारू नका. तोंडानं देवाचं नाव घेत होतो आणि मधेच स्वतःला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. 'जिम्मेदारी माझी' हे वाक्य डोक्यातून जाईना.

तिथं काय झालं ते मला नंतर गड्यांनी सांगितलं. कौसाबाई पदर खोचून खड्ड्याच्या काठावर धावली. पाइप अंबादासच्या डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवर लोंबत होता आणि खाली यायला लागला होता. ती ओरडली, "अवो, वर या!" तो वळला नाही. तिनं खडा मारला, त्यानं मागं न बघता "आलो, आलो" असा हात केला. तिनं इस्माईलभाईंकडं हात हलवले, ते बघत होते पाइपकडं. मग त्या बाईनं लग्न झाल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं. कमरेवर हात ठेवून, सगळ्या गड्यांसमोर, जेवढा होता तेवढा आवाज काढून तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.

"अंबादाऽऽस! ये अंबादास! वर ये!"

गडी सांगत होते, ओढ्यावर सगळं एका क्षणात थिजलं. आमच्याकडची तिच्या वयाची बाई मरायला टेकली तरी नवऱ्याचं नाव घेत नाही. सरकारी कागदावर नाव सांगायचं तर शेजारणीला पुढं करते. अंबादासच्या हातातली पहार गळाली. बायको खुळी झाली का काय म्हणून तो हातापायांवर चढत वर आला, पहिल्यांदा घाबरून आणि मग रागावून. आणि एवढे सगळे गडी एकदम एकीकडं बघायला लागले म्हणून इस्माईलभाईंनीही मान वळवली आणि लिव्हर सोडलं. पाइप तिथल्या तिथं थांबला.

मी पोचलो तेव्हा तो तसाच हवेत होता आणि अंबादास काठावर उभा होता, दोन्ही पायांवर, धडधाकट. सुटलो रे बाबा! मोटारसायकल मी उभी केली का पाडली ते आठवत नाही. चिखलात मांडी घालून बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

इस्माईलभाईंनी पाइप हळूच बाजूला वळवून काठावर टेकवला. मग मी मोकळा दोर पूर्ण सोडायला लावला. शेवटच्या फेऱ्या बाहेर आल्या तशा तुटक्या तारा काट्यांसारख्या उभ्या राहिल्या. उतरून चाचपताना त्या जाड हातमोज्यातून इस्माईलभाईंना टोचल्या. ते माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "नाना, ये तो जान ले लेता."

दुपारी मी सॉफ्टवेअर उघडलं. घडलेल्या प्रसंगाचं कारण निवडायला तिथं एक यादी येते. यांत्रिक बिघाड, हवामान, ऑपरेटरची चूक, इतर. खरं सांगतो, माझं बोट 'ऑपरेटरची चूक' यावर थांबलं होतं. इस्माईलभाई पाहुणे, आठवड्यात आष्टीला परत जाणार, आणि आकडाही शेवटी त्यांनीच टाकलेला. मला निवृत्तीला वर्ष राहिलेलं. किती वेळ थांबलं ते बोट? फार नाही, पण थांबलं. मग 'इतर' दाबलं आणि लिहिलं: पाट्या मी बदलल्या. खोटा आकडा टाकायला मी सांगितलं. पुण्याच्या पोरीचा फोन आला. या वेळी मी लिंबापासून सगळं सांगितलं आणि या वेळी तिला समजलं. ऑफिसनं कडक पत्र दिलं, ते मी निमूटपणे घेतलं. नंतर सगळ्या पाट्या रिव्हेट ठोकून कायमच्या बसवल्या. मी पुन्हा चाव्या खिशात घालायला लागलो. त्या पोरीनं एकदा विचारलं, "काका, सिस्टिम असताना चाव्या कशाला?" म्हटलं, "सिस्टिम हुशार आहे बाई, मीच तिचं ऐकलं नव्हतं."

पण खरा हिशेब त्या पत्रानं मिटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धडका हायड्रा मोरीवर आणला. मीटर मी स्वतः वाचलं, दोर शेवटच्या फेरीपर्यंत सोडून हातानं चाचपला, हिरवा ठिपका अंबादासला दाखवला. अंबादास खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. कौसाबाई त्याच्या मागं उभी.

"हिरवं हाय ना, नाना?" अंबादासनं विचारलं.

"हाय."

"मंग आधी तुमी उतरा."

इंजिनिअर साहेब म्हणाले, "अहो, यांचं हे काम नाही." मी म्हटलं, "राहू द्या साहेब." पँट वर दुमडली, अंबादासची पहार उचलली आणि उतरलो. एवढ्या वर्षांत मी कधी त्या खड्ड्यात उभा राहिलो नव्हतो. खालून आभाळ केवढंसं दिसतं आणि पाइप केवढा मोठा दिसतो! अंबादास वरून सांगत होता, "डाव्या अंगाला सरका. न्हाई, आणिक. पहार आडवी धरा." पाइप खाली येत गेला. दोर करकरला की मी पहार आणखी घट्ट धरायचो. नजर वरच होती, दोरावर. शेवटी पाइप टेकला. वाकडाच टेकला, सांध्यात अख्खा हात गेला असता.

मी चढून वर आलो. अंबादासनं खाली वाकून तो सांधा बघितला आणि तोंड वाकडं केलं. मग बायकोकडं बघितलं. कौसाबाईनं हळूच मान डोलावली.

"सरका, नाना," अंबादास म्हणाला, "समदं वाकडं करून ठिवलंत." त्यानं माझ्या हातातली पहार घेतली आणि तो खाली उतरला.